डोमा मारबतेची पेशी

पोंभुर्ण्याच्या डोमा मारबतेला ‘पेशी’ या शब्दाची धास्ती होती. गावच्या मच्छीमार सोसायटीचा तलावाच्या ठेक्यावरून खटला चालू होता आणि दर पेशीला त्याला चंद्रपूरच्या कोर्टात जाऊन दिवसभर बाकावर बसून राहावं लागे. त्यामुळे नागपूरला शिकणाऱ्या त्याच्या मुलीनं, प्रेमिलानं, सुटीत घरी आल्यावर सांगितलं की ती आता पेशींवर काम करणार आहे, तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

“कोणाची पेशी?”

“माणसाची, बाबा.”

“कोणत्या माणसाची? आन् तुले काऊन बलावलं तिथी?”

प्रेमिला हसत सुटली. तिची आई नीलाबाई चुलीजवळून म्हणाली, “सांग ना वो नीट, त्याह्यले घास गिळू दे.” मग प्रेमिलानं सांगितलं की आपलं अंग ज्या बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं त्यांना पेशी म्हणतात, रक्तातही त्या असतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. डोमानं सगळं ऐकून घेतलं. “असन बा,” म्हणाला आणि पुन्हा भाताकडे वळला. जे दिसतच नाही त्याच्यामागं पोरगी दिवसभर काय करत असेल, हे मात्र त्याला उमगलं नाही.

प्रेमिलाचं काम एका पांढऱ्या पेशीवर होतं. शास्त्रज्ञ तिला ‘नॅचरल किलर’ म्हणतात. ही पेशी रक्तातून फिरते आणि वाटेत भेटेल त्या पेशीला जणू हात लावून बघते. तिच्या अंगावर बाहेरच्या बाजूनं काही रेणू असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तेच तिचे हात. समोरच्या पेशीवर आपल्याच शरीराची खूण लागली की हा हात तिला थांबवतो आणि ती पुढे जाते. खूण लागली नाही, म्हणजे त्या पेशीला रोगानं बिघडवलं असेल, तर ती तिला तिथंच संपवते. गंमत अशी की हे हात सगळ्या माणसांत सारखे नसतात. एकाकडे जो असतो तो दुसऱ्याकडे नसतो, त्याच्याकडे वेगळाच असतो. प्रेमिलाच्या मार्गदर्शक डॉ. काळमेघ मॅडमना जाणून घ्यायचं होतं की भामरागडच्या जंगलात, जिथं हिवताप दरवर्षी घरोघर येतो, तिथल्या लोकांत कोणते हात आहेत.

सन २००४ च्या सप्टेंबरअखेरीस पाऊस उघडला आणि रस्ते सुरू झाले, तेव्हा निघायचं ठरलं. सोबत येणारा भूपेश नावाचा सहकारी ऐनवेळी काविळीनं झोपला. प्रेमिला एकटी जायला तयार होती. जीप होती, मुखरू नावाचा मुरलेला ड्रायव्हर होता. पण जाताना ती पोंभुर्ण्याला थांबली आणि तिथं डोमानं पिशवीत धोतर भरायला घेतलं.

“मी येतो.”

“बाबा, तिथं तुमचं काय काम?”

“काम नसन त बसून राहीन. एकटी नाई जात तू.”

प्रेमिलाला ते आवडलं नाही. बाप बरोबर घेऊन हिंडणारी संशोधक लोकांना कशी दिसेल, असं तिच्या मनात आलं. पण डोमा तोवर जीपमध्ये मुखरूशेजारी जाऊन बसलाही होता आणि त्याला पोंभुर्ण्याच्या तलावातल्या मरळ माशाची गोष्ट सांगू लागला होता.

तोडगूर हे गाव भामरागडच्या पलीकडे, एका नदीच्या काठावर होतं. नदीला पूल नव्हता. मुखरूनं जीप अलीकडे झाडाखाली लावली आणि बापलेक गुडघाभर पाण्यातून सामान डोक्यावर घेऊन पार झाले. पलीकडे सोमारी उभी होती. गावात हिवतापाच्या गोळ्या ती वाटायची, आश्रमशाळेत शिकल्यामुळे मराठी छान बोलायची. तिनंच गावाला आधी निरोप दिला होता.

गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, पडवीत माणसं जमली. गावातला वडीलधारा माणूस झिंगू, सोमारीचा मामा, खांबाला टेकून बसला होता. प्रेमिला बोलायला लागली तसं त्यानं तिला थांबवलं आणि माडिया बोलीत बराच वेळ काहीतरी सांगितलं.

सोमारीनं खाली बघत मराठी केलं. “मामा म्हणते, रक्त न्यायले पहिलेही लोकं आले होते. एकडाव नाई, कितीकडाव. जाताना म्हणते, सांगाले येतो. कोणी आलं नाई. आमचं रक्त कुठी गेलं, त्याच्यात काय दिसलं, आम्हाले मालूम नाई.”

ते खरं असणार हे प्रेमिलाला माहीत होतं. “मी येईन,” ती म्हणाली. “काय दिसलं ते सांगायला मी स्वतः येईन. आणि काही दिसलं नाही तरी येईन.”

झिंगूनं मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. “काय पाहाचं आहे, ते सांग पहिले,” तो मोडक्या मराठीत म्हणाला.

प्रेमिलानं पेशी सांगितली, हात सांगितले, खूण सांगितली. सोमारी ऐकत होती. मग ती गावाकडे वळली आणि माडियात बोलू लागली, आणि बघता बघता पडवीतली माणसं हसायला लागली. म्हातारी माणसंसुद्धा.

“काय सांगितलंस?” प्रेमिलानं विचारलं.

“ताई, आमच्याकडे अनोळखी माणूस आला का पहिले विचारते, तुम्ही किती देवांचे? चार का पाच, का सहा, का सात. त्याच्यावरून समजते हा आपल्यातला का सोयरा. मी सांगितलं, रक्तातली ही पेशी बी असंच विचारते. बरोबर सांगितलं त सोडते. नाई सांगितलं त मारते.”

“मग हसले कशाला?”

“मामा म्हणून राह्यला, आम्ही त नाई सांगितलं तरी जेवाले घालतो.”

प्रेमिलालाही हसू आलं. पण हात पुढे कोणी केला नाही. तेव्हा मागं भिंतीशी बसलेला डोमा उठला आणि शर्टाची बाही वर करत मुलीसमोर येऊन बसला. “माझं घे पहिले,” म्हणाला. प्रेमिलाला तुलनेसाठी बाहेरच्या एका माणसाचं रक्त हवंच होतं, पण बापाचं घ्यावं हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं त्यालाही इतरांसारखंच सगळं नीट विचारलं, त्यानं मान डोलावली. तळहातात रुतलेला माशाचा काटा दातांनी उपटून फेकणारा हा माणूस, सुई दिसताच त्यानं डोळे गच्च मिटले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बायका पुन्हा हसल्या. त्या हसण्यात एक म्हातारी पुढे आली, मग तिचा मुलगा, मग झिंगू स्वतः.

दुपारपर्यंत काम झालं. नळ्या पेटीत ओळीनं उभ्या राहिल्या. या पेशी जिवंत हव्या होत्या. त्यांना बर्फ चालत नव्हता, ऊन चालत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या नागपूरला पोचल्या नाहीत तर सगळी मेहनत फुकट जाणार होती. प्रेमिलानं पेटीवर ओलं फडकं टाकलं आणि ती काठावर आली.

नदी ओळखू येत नव्हती. डोक्यावर ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि पाणी तांबडं होऊन काठापर्यंत चढलं होतं. वर छत्तीसगडच्या डोंगरात कुठंतरी जोराचा पाऊस झाला असणार. पलीकडे मुखरू जीपजवळ उभा राहून हात हलवत होता. तो काय ओरडतोय ते ऐकू येत नव्हतं.

“किती वेळात उतरेल?” तिनं सोमारीला विचारलं.

“उद्या उतरन. नाई त परवा. वर पाऊस सुरू राह्यला त सांगता नाई येत, ताई.”

प्रेमिला पेटी मांडीवर घेऊन दगडावर बसली. एवढ्या माणसांनी तिच्यावर भरवसा ठेवून दिलेलं रक्त. आता त्यांच्या दारात पुन्हा सुई घेऊन कोणत्या तोंडानं जाणार?

डोमा काठावर उकिडवा बसून पाणी बघत होता. त्यानं एक काटकी टाकली आणि ती कुठं जाते ते पाहिलं. दुसरी टाकली. मग झिंगूकडे वळून विचारलं, “भाऊ, डोंगा आहे?”

डोंगा होता. एका खोडाचा कोरलेला, अरुंद. झिंगू म्हणाला की वरच्या वळणापासून सोडला तर पाणीच पलीकडे नेऊन लावतं, तो या पाण्यात गेलेला आहे. पण माणसं दोनच. तिसरं बसलं तर डोंगा बुडेल. आणि एकानं वाहत येणारी लाकडं बाजूला सारली पाहिजेत.

“मग मी आणि झिंगूमामा,” प्रेमिला उठली.

“तू बांबू धरला आहे का कधी?” डोमा म्हणाला. “मी जातो. नागपूरले नेऊन देतो.”

“बाबा, तुम्ही नागपूर पाहिलं नाही. लॅब कुठं आहे हे तुम्हाला...”

“मुखरूले मालूम आहे ना. मले फक्त सांग, काय म्हणाचं थ्या काळमेघ बाईले.”

तलावाच्या संथ पाण्यावर जन्म काढलेला माणूस. ही नदी त्याची नव्हती. प्रेमिलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं; तिथं भीती होती, पण तो भीतीला बाजूला बसवून कामाला लागला होता. त्यानं सोमारीकडून पाण्याचे वाळके तुंबे मागून घेतले, भोपळ्याचे, हलके, आणि पेटीच्या चारही बाजूंना दोरीनं आवळून बांधले. “डोंगा उलटला तरी पेटी तरंगन,” म्हणाला. माणसाचं काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि प्रेमिलाला विचारायचं धाडस झालं नाही.

डोंगा सुटला तो बाणासारखा. झिंगू मागं उभा होता, डोमा पुढं गुडघ्यांवर, मध्ये पेटी. मधल्या धारेत एक अख्खं झाड मुळांसकट येताना दिसलं. काठावर सगळे ओरडले. डोमानं बांबू त्या झाडाला टेकवला आणि पूर्ण अंगानं रेटला. डोंगा गर्रकन फिरला, एका कुशीवर कलला, पाणी आत आलं, आणि झाड शेजारून निघून गेलं. मग बराच वेळ झाडीमुळे काही दिसेना. सोमारीनं प्रेमिलाचा हात धरून ठेवला होता. खूप खाली, वळणावर, पलीकडच्या काठावर दोन माणसं वर चढताना दिसली. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तुंब्यांची पेटी होती.

प्रेमिला तिथंच चिखलात बसली.

पाणी लगेच उतरलं नाही. ती सोमारीच्या घरी राहिली. सकाळी सोमारीबरोबर तापकऱ्यांच्या घरी जायची, बोटाचं रक्त काचेवर घ्यायला मदत करायची. दुपारी बायका टोपल्या घेऊन धानाच्या बांधीच्या कडेला मासे पकडायला जात, तिथं तीही जाई. पहिल्या दिवशी तिनं टोपली चिखलात दाबून हात आत घातला आणि एक गलेलठ्ठ मांगूर बाहेर काढला, तेव्हा बायका चकित झाल्या. “आम्ही ढिवर आहो,” ती म्हणाली, “आमच्या घरी मासे धरायचंच काम.” नागपूरला गेल्यापासून तिनं हे वाक्य कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, असं ती स्वतःला म्हणत असे. इथं ते सहज तोंडातून निघालं आणि बरं वाटलं. बायकांनी तिला माशांची माडिया नावं शिकवली. ती चुकली की सगळ्या हसायच्या आणि ती पुन्हा म्हणायची.

तरी काळजी होतीच. बाप पोचला असेल का, आणि पेशी वाचल्या असतील का. कधीकधी पेशी आधी आठवायच्या आणि बाप मागून. मग तिला स्वतःचाच राग यायचा.

एका दुपारी पोरं ओरडत आली. नदी उतरली होती. आणि गुडघाभर पाण्यातून, धोतर वर खोचून, डोमा मारबते येत होता. मागं झिंगू. तो भामरागडला नातेवाइकांकडे थांबून जीप परत यायची वाट बघत होता.

“नळ्या?” प्रेमिला धावत गेली. मग पटकन म्हणाली, “तुम्ही बरे आहात ना, बाबा?”

“दोघंबी बरे आहो. मी बी आन् नळ्याबी,” डोमा म्हणाला. “पहिले पाणी दे.”

गोटुलच्या पडवीत पुन्हा सगळे जमले. डोमा पाणी प्याला, त्यानं तोंड पुसलं आणि तो सांगू लागला. सोमारी शेजारी बसून माडिया करत होती.

“थ्या बाईनं पेटी अशी घेतली, जसं लेकरू घेते. तुंबे पाहून हसली. मले म्हणे, बसा भाऊ. चहा देल्ला. मंग दुपारी म्हणे, तुम्हाले तुमच्या पेशी पाहाच्या आहे का? मी म्हणलं, बाई, मी कोर्टात लगीत, ढिगानं पेशा पायल्या, हे बी दाखवा. अंधाराच्या खोलीत नेलं. एक मशीन होती, तिच्यात डोळा लावाचा. बाई म्हणे, आम्ही असा रंग टाकला आहे का थो फक्त एका जातीच्या हातालेच चिकटते. जिथी चिकटन तिथी हिरवं चमकन. पहिले एका दुसऱ्याचं दाखवलं. नाव नाई सांगितलं. भाऊ, काय सांगू! काळ्याभोर पाण्यात हिरवे हिरवे गोल. मधात अंधार आन् कडा चमकून राह्यली.”

माणसं पुढं सरकली.

“मंग माझं लावलं. मी पायलं. काहीच नाई.”

“काहीच नाई?” झिंगूनं विचारलं.

“अंधार. नुसता अंधार. मी म्हणलं, मेल्या का काय माह्या पेशा? बाई म्हणे, नाई, जित्या आहे. मंग मले वाटलं, माह्या अंगात हा हातच नाई. आता कोणता रोग येईन आन् घेऊन जाईन.” तेव्हाची भीती आत्ताही त्याच्या डोळ्यांत दिसत होती. “मी बाईले म्हणलं, पोरीले नोका सांगू.”

प्रेमिला बापाच्या आणखी जवळ सरकून बसली.

“मंग?” सोमारी स्वतःच विचारती झाली, माडिया करायचं विसरून.

“मंग बाई हसली. म्हणे, भाऊ, तुमचा हात दुसऱ्या जातीचा आहे. हा रंग त्याले वळखत नाई. थांबा. तिनं दुसरा रंग टाकला. लगीत वेळ लागला, मी तिथीच उभा. आन् मंग डोळा लावला, त...” डोमानं दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. “चमकून राह्यल्या! सगळ्याच्या सगळ्या. माह्या!”

पडवीत एकच गलका झाला. डोमा इकडेतिकडे बघत हसत होता. तो असा हसलेला प्रेमिलानं फार दिवसांत पाहिला नव्हता. ती चार वर्षं त्याला जे सांगू शकली नव्हती ते त्यानं पाहिलं होतं, आणि तिच्याआधी पाहिलं होतं. या गावच्या पेशींचा रंग अजून तिच्याही नजरेस पडला नव्हता.

“आमच्यात कोणाचे नाई चमकले?” झिंगूनं विचारलं.

आता प्रेमिला पुढं झाली. “काहींचे पहिल्या रंगात चमकतील, काहींचे दुसऱ्यात. तो आजार नाही, मामा. वेगळा हात आहे, एवढंच. कोणाचं काय ते मी त्या त्या माणसालाच सांगेन. सगळी तपासणी व्हायला वर्ष लागेल.”

झिंगू डोमाकडे वळला. मग म्हणाला, “रक्त नेणारा माणूस परत आला. पहिलाच.” आणि त्यानं बायकांना रात्रीच्या जेवणाचं सांगितलं.

पुढच्या वर्षी, पाऊस संपल्यावर, प्रेमिला पुन्हा तोडगूरला गेली. डोमाला बोलवावं लागलं नाही. त्यानं झिंगूसाठी विणलेलं एक पेलणी जाळं आधीच बांधून ठेवलं होतं. खटला अजून संपला नव्हता, पण आता घरी कोणी पेशी म्हटलं की तो विचारायचा, “कोर्टातली का रक्तातली?” आणि नीलाबाई कपाळाला हात लावायची.

प्रेमिला घरोघर गेली. ज्याचं त्याला सांगितलं. मग पडवीत सगळ्यांना मिळून सांगितलं की हिवतापाशी या हातांचा काय संबंध आहे ते एवढ्या नमुन्यांवरून कळलं नाही, कदाचित आणखी पुष्कळ गावं बघावी लागतील. हे बोलताना तिला संकोच वाटत होता. इतकं करून हाती काय, तर कळलं नाही.

पण कोणी निराश दिसलं नाही. झिंगू म्हणाला, “नाई समजलं त नाई समजलं. पण तू आली.” मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो डोमाला घेऊन जाळं बघायला नदीकडे निघून गेला.

शेजारच्या गावची काही माणसं तिथं आली होती. त्यांना आपलं रक्त द्यायचं की नाही ते ठरवायचं होतं. प्रेमिला पुन्हा सुरुवातीपासून सांगणार, तोच सोमारी उठली. “ताई, तुम्ही जेवा. मी सांगतो.”

प्रेमिला पानांचा द्रोण घेऊन भिंतीशी बसली. भात होता आणि मांगूरचा रस्सा, तिखट. सोमारी उभी राहून बोलत होती, दोन्ही हातांनी हवेत पेशी काढत होती. प्रेमिलाला अर्धंअधिक समजत नव्हतं. मध्येच ‘रिसेप्टर’ हा शब्द आला, त्याला माडियाचं शेपूट लागलेलं, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा आला. एका म्हातारीनं काहीतरी प्रश्न विचारला. सोमारीनं तिचं मनगट हातात घेऊन उत्तर दिलं. प्रेमिलानं द्रोणात आणखी भात वाढून घेतला.